दसऱ्याला घ्यायची लेन्स

लालबागच्या मार्केटामागे माझं फ्रेमचं दुकान आहे. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो, या तिन्हींवर घर चालतं. खरं सांगायचं तर तिसऱ्यावर जास्त. माणूस गेला की दोन दिवसांत घरचे येतात, एखादा ग्रुप फोटो पुढे करतात आणि म्हणतात, यातला बाबांचा चेहरा तेवढा काढून मोठा करून द्या. जिवंतपणी बाबांना एकट्याला खुर्चीवर बसवून फोटो काढावा, हे कोणाला सुचलेलं नसतं. मी त्यांना चार शब्द सुनावतो आणि मग काम करून देतो. माझं तोंड फाटकं आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. राजाराम फ्रेमवाला म्हणून विचारा, कोणीही सांगेल.

माझा शाळेपासूनचा मित्र हितू मात्र फोटोग्राफर, त्याला हे न सांगता सुचायचं. हितू म्हणजे हितेंद्र, पण हितेंद्र त्याला फक्त बँकेत म्हणायचे. करी रोडला चाळीत तिसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत तो आणि त्याची आई कमलकाकू. वडील, कुशाबाकाका, मिलमध्ये कामाला होते, ते कधीच गेले. थोरली बहीण मेघना लग्न होऊन विरारला. हितू लग्नं, साखरपुडे, बारशी करायचा. कुठल्याही लग्नात गेला की मांडवातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला बाजूला घ्यायचा, खुर्चीवर बसवायचा, पदर नाहीतर टोपी नीट करायचा आणि एकेकट्याचा फोटो काढायचा. कोणी सांगितलेलं नसायचं, त्याचे वेगळे पैसेही नसायचे. मला म्हणायचा, "राजा, तुझं काम हलकं करतोय."

त्याला कोड होतं. नऊ वर्षांचा असताना ओठापाशी पांढरा ठिपका आला, मग डोळ्याभोवती, मग हात, पाय. शाळेत पोरांनी जे काय म्हणायचं ते म्हटलं, मी ते इथे लिहीत नाही. तिथे मीही होतो आणि मीही म्हटलं होतं. काकूंनी सगळं केलं, आयुर्वेद झाला, कणकवलीचा भगत झाला, कोणी सांगितलं म्हणून बावचीचं तेल लावून उन्हात बसवलं. काही फरक पडला नाही. सोळाव्या वर्षी तो दादरच्या एका स्टुडिओत कामाला लागला. मी एकदा विचारलं होतं, हाच धंदा का धरलास, तर म्हणाला, "कॅमेरा डोळ्याला लावला की अर्धं तोंड झाकतं. उरलेल्या अर्ध्याकडे कोण बघत नाही, सगळे हसण्यात असतात."

मुली बघायचे तीन-चार कार्यक्रम झाले. प्रत्येक वेळी निरोप आला की खोली लहान आहे. खोली लहान होती हे खरंच आहे, पण त्याच मापाच्या खोल्यांत चाळीतल्या बाकी सगळ्यांची लग्नं झाली. नंतर हितूने ते बोलणंच बंद केलं. स्वतःचा फोटोही तो कधी कोणाला काढू द्यायचा नाही. मोबाइल वर केला की हा पठ्ठ्या फ्रेमच्या बाहेर.

गेल्या वर्षी चाळ टॉवरला गेली. सह्या झाल्या आणि दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करायच्या ठरलं. तीन वर्षांनी नवीन घर मिळणार असं बिल्डर म्हणत होता. काकूंचं वय अठ्ठ्याहत्तर, त्यात आदल्या वर्षी मोरीत पडून खुबा मोडलेला. कॉट हेच त्यांचं जग झालं होतं. चांगला दिवस असला तर उशीला टेकून बसायच्या, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. त्यांनी एकच गोष्ट मागितली. त्या हितूला म्हणाल्या, "माका ही खोली व्हयी. सगळी, एका फोटोत. तुझो बापूस भिंतीवर असा तो, पोटमाळो, मोरी, खिडकी, देव्हारो, मी आणि तू. मेघनाकडे जावन माका भिंतीर लावूक व्हयी."

ऐकायला सोपं वाटतं. पण दहा बाय बाराच्या खोलीत कॅमेरा घेऊन मागे किती सरकणार? दाराला पाठ लावली तरी दोन भिंती येतात, तिसरी राहते. हितूने त्याच्याकडच्या सगळ्या लेन्स लावून पाहिल्या. मोबाइल फिरवून लांबलचक फोटो काढला, तर त्यात काकू मधेच खोकल्या आणि कॉट मोडल्यासारखी आली. चार फोटो काढून कॉम्प्युटरवर जोडले, तेही झालं. काकूंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "मोरी खंय? आणि तू खंय?"

तेव्हा ती लेन्स निघाली. फिशआय. फोर्टात एका दुकानात सेकंडहँड आली होती. तिने समोरचं अख्खं दिसतं, या कानापासून त्या कानापर्यंत, वरचं छत आणि खालची लादीसुद्धा. फोटो मात्र गोल येतो, चारी कोपरे काळे, आणि कडेच्या भिंती वाकतात. हितूने काकूंना नावाचा अर्थ सांगितला, माशाचा डोळा. काकूंनी विचारलं, "कुठल्या माशाचो? बांगड्याचो?" त्या दिवशी त्या खूप दिवसांनी हसल्या, असं हितू मला सांगत होता.

मग आमच्या दुकानात रोज दुपारी चहाबरोबर ती लेन्स यायला लागली. घेऊ की नको. हितूचं म्हणणं, घ्यावी. माझं म्हणणं, डोकं फिरलंय तुझं.

"लग्नात कोण काढून घेणार वाकडे फोटो?" मी म्हणायचो. "नवरीचं नाक बटाट्याएवढं करून दिलंस तर तुझे पैसे बुडवतील."

"लग्नासाठी नकोच आहे रे."

"मग एका फोटोसाठी एवढी लेन्स? भाड्याने आण. एक दिवस आण, फोटो काढ, परत दे."

"आईचा चांगला दिवस आधी बुक करता येतो का? भाड्याने आणली आणि ती त्या दिवशी उठलीच नाही तर?"

मुद्दा बरोबर होता. पण म्हणून गप्प बसेन तर मी राजाराम कसला. मी गोल फोटोला फ्रेम कशी करायची यावरून त्याला अर्धा तास पिडलं. तो शांतपणे बिस्किट बुडवत राहिला आणि मग जे बोलला ते मी विसरू शकत नाही. म्हणाला, "राजा, आजवर एकूणएक वस्तू गिऱ्हाइकासाठी घेतली. ही मला हवीय." सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने असं सांगितल्यावर आपण काय म्हणावं? म्हणावं, घे बाबा. मी म्हटलं, "बघ, तुझं तू ठरव." ते असं म्हटलं की ठरवणाऱ्याचा हात मागे यावा.

तीन वेळा तो फोर्टात जाऊन लेन्स बघून आला. तिसऱ्या वेळी दुकानातच कॅमेऱ्याला लावून एक फोटो काढला आणि संध्याकाळी मला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवायला आला. अख्खं दुकान त्या गोलात आलं होतं, काउंटर, कपाटं, पंखा, दारातला वॉचमन. आणि गोलाच्या अगदी खाली, कडेला, दोन पाय.

"हे कोणाचे?"

"माझे. लेन्स एवढी रुंद आहे की काढणाऱ्याचे पाय पण येतात." तो खूश होता. "म्हणजे बघ, खोलीत मी उभा राहून आईचा फोटो काढला तरी माझे पाय येणार. म्हणजे मी पण आलो. आईला सांगितलं, तर म्हणाली चलात, तोंड दाखवूक लाजतस तर निदान पाय तरी येवंदेत."

मी कॅमेरा हातात धरून हसलो. म्हटलं, "अरे, माझा धंदा काय आहे? माणसांच्या तोंडाला हार घालतात. तुझ्या पायांना कोण हार घालणार? पुस तो फोटो, उगाच कार्डात जागा खातोय."

त्याने पुसला. माझ्या समोर, दोन बटणं दाबून. मनाला लावून घेतलं असं काही दिसलं नाही. त्याला टोमणे खायची लहानपणापासून सवय होती.

गणपतीत त्याने मरमर काम केलं. मंडळाचे फोटो, घरगुती गणपती, विसर्जन. सगळं आटपून चार दिवस झाले तेव्हा दुपारी दुकानात आला, चेहरा उजळलेला. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला, "ठरलं. उद्या आणतो लेन्स. आईची तब्येत दोन दिवस बरी आहे, उद्याच संध्याकाळी फोटो काढून टाकतो."

मी काच कापत होतो. हातातला हिरा बाजूला ठेवला आणि म्हटलं, "पक्ष चालू झालेत."

"हो रे, माहितीय."

"माहितीय मग? पितृपक्षात नवीन वस्तू घरात आणतात का? आठ दिवसांवर बापाचं म्हाळ आहे तुझ्या. ज्या खोलीत त्यांचं पान वाढणार त्याच खोलीत ही नवीन लेन्स नाचवणार? तीन आठवडे थांबलास तर काय आभाळ कोसळतं? दसऱ्याला आण. माझ्या हिऱ्याबरोबर पूजा करू तिची, मग काढ काय काढायचे ते फोटो."

"आई म्हणते, पक्षबिक्ष काय नाय, घेऊन ये."

"काकूंना आता काय कळतंय?"

हे मी म्हटलं. ज्या बाईने माझी मुंज झाली तेव्हा आमच्याकडे पुरणाचा घाट घातला होता, तिच्याबद्दल म्हटलं. मी खरंच एवढा पक्ष पाळणारा आहे का? छे. आमच्याकडे पक्षात फ्रिज आला होता. मला फक्त बोलायची खोड. दुसऱ्याने ठरवलेल्या गोष्टीत पाचर मारल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. हितू खुर्चीवर बसला आणि फोन काढून दुकानदाराला म्हणाला, शेठ, दशहरे को आता हूँ, किसीको देना मत. दिवाळीपर्यंत खोली होती. घाई कसलीच नव्हती, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

नवरात्राच्या चौथ्या दिवशी प्रभादेवीला एका हॉलमध्ये साखरपुडा होता. सकाळपासून त्याच्या छातीत जळजळत होतं. ॲसिडिटी म्हणून त्याने जिरा सोडा प्यायला. अंगठ्या झाल्या, औक्षण झालं, पेढे झाले. मग मुलीच्या आजोबांना त्याने खुर्चीवर बसवलं, त्यांची टोपी नीट केली, फोटो काढला आणि तिथेच खाली बसला. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. हॉलवाल्यांनी त्याच्या फोनमध्ये शेवटचा नंबर माझा बघून मला बोलावलं. कॅमेऱ्याची बॅग माझ्या हातात दिली. कार्डात शेवटचा फोटो त्या आजोबांचा आहे, सरळ बसलेले, छान उजेडात.

त्याच्या स्वतःच्या फोटोचं काय झालं ते सांगतो. एकही नव्हता. मेघनाने सगळं धुंडाळलं, पाचवीच्या वर्गाचा एक सापडला, त्यात हा शेवटच्या रांगेत मान फिरवून. शेवटी आधार कार्डावरचा घेतला. लॅबवाल्याने मोठा केला आणि मला विचारलं, "डाग क्लीन करू का, काका?" मी त्याच्यावर असा ओरडलो की तो दोन पावलं मागे सरकला. हात लावू नको, म्हटलं, जसा होता तसा दे. फ्रेम मी केली, काच मी बसवली. काकूंनी बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. म्हणाल्या, "हो माझो हितू नाय. ह्यो कोण तरी सरकारी मनुष्य." त्या फोटोला त्यांनी हार घालू दिला नाही.

खंडेनवमीला मी दुकानात हिरा, हातोडी, करवत मांडली आणि शेजारी हितूचा कॅमेरा ठेवला. त्यांच्याकडे सुतक, तिथे त्याची पूजा कोण करणार होतं? हळदकुंकू वाहताना मला रडू आलं. दुकान उघडं होतं, लोक बघत होते, बघू देत.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन फोर्टात गेलो. आता मला सांगा, फ्रेमवाल्याला लेन्स घेऊन काय करायचंय? तेच मी स्वतःला सगळ्या वाटेवर विचारत होतो. घेऊ की नको. ज्याला हवी होती तो नाही. घेतली तर लोक म्हणतील, माणूस गेल्यावर अक्कल आली, आणि त्यांचं खरंच असेल. न घेतली तर दिवाळी चार हातांवर आणि काकू तशाच विरारला जाणार. दुकानदाराने कपाटातून डबी काढली, त्यावर चिठ्ठी होती, हितेंद्रभाई, दशहरा. त्याने विचारलं, "वो नहीं आये?" मी म्हटलं, "मुझे भेजा है." त्याने लेन्स लावून दिली, सगळे आकडे ठरवून दिले आणि म्हणाला, इसमें फोकस का झंझट नहीं, बस बटन दबाओ. मी पैसे दिले. लेन्सच्या कडेला झेंडूचं एक फूल खोचलं आणि घरी आलो.

तेरावं झाल्यावर मी काकूंकडे गेलो. चार दिवस लागोपाठ जावं लागलं. तीन दिवस त्या उठल्याच नाहीत. हितू म्हणाला होता ते तसंच होतं. चौथ्या दिवशी मेघनाने त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि मी चपला बाहेर काढून दाराला पाठ लावून उभा राहिलो. काकूंनी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पदर डोक्यावर घेतला. मी बटण दाबलं.

सगळं आलं. काकू मधोमध, कॉट, भिंतीवर कुशाबाकाका, देव्हारा, वर पोटमाळा, डाव्या कडेला वाकलेली खिडकी, उजव्या कडेला वाकलेली मोरी. आणि अगदी खाली माझे दोन पाय. डाव्या अंगठ्याचं नख काळं, फुटकं, कारण बारा वर्षांपूर्वी त्यावर काच पडली होती.

फ्रेम करताना मी माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा पुठ्ठा, गोल कापला. अर्धा इंच आत घेतला असता तर पाय झाकले गेले असते, आणि पहिल्यांदा तसाच कापला होता. मग तो फेकून दुसरा कापला. का ते मला नीट सांगता येणार नाही. आपली चूक आपणच झाकायची लाज वाटली असावी.

काकूंच्या मांडीवर फ्रेम ठेवली. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. हो पोटमाळो, ही मोरी, ह्यो तुमचो काको. बोट फिरत फिरत खाली आलं आणि थांबलं. मी सांगणारच होतो की काकू, हे माझे, चुकून आले. त्यांनी चष्मा पुसून परत बघितलं.

"कोड दिसणा नाय," त्या म्हणाल्या.

मेघना माझ्याकडे बघायला लागली. तिला माझं नख माहीत आहे, सगळ्या चाळीला माहीत आहे.

मी म्हटलं, "ती लेन्सच तशी आहे, काकू. तिच्यात नाही दिसत."

"बरी असा मग लेन्स," काकू म्हणाल्या. "आधी घेवक व्हयी होती."

आता त्या विरारला आहेत. चाळ पाडली. मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो तर कॉटसमोरच्या भिंतीवर तो फोटो आणि त्याला ताजा झेंडूचा हार. मेघना हळूच म्हणाली, आई रोज घालायला लावते, येईल त्याला सांगते, हे माझ्या हितूचे पाय. त्या फोटोत काकू स्वतः जिवंत बसलेल्या आहेत. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे मी तीस वर्षं दुकानात लोकांना ओरडून सांगत आलोय.

काकूंनी मला जवळ बोलावलं आणि हाराकडे बोट केलं.

"वायच वर घे रे," त्या म्हणाल्या, "पाय झाकतत."

मी स्टुलावर चढलो आणि हार वर घेतला.